ऑनर्सच्या कॅलेंडरवरच्या कशाला जायचं, कशाला नाही, आणि कुठल्या तारखा आत्ताच लिहून ठेवायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे की अमेरिकेतल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत लिबरल आर्ट्स ऑनर्सच्या (निवडक मुलांसाठीचा जादा अभ्यासाचा कार्यक्रम) दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर (मुख्य विषय) इतिहास, व्हिसा एफ-१ (विद्यार्थ्यांचा), आणि ऑनर्स ऑफिसच्या कॅलेंडरवर दर आठवड्याला इतकं काही असतं (पाहुण्यांची व्याख्यानं, थीसिसची माहिती देणारी सेशन्स, स्टडी अब्रॉड फेअर, फेलोशिपची वर्कशॉप्स, माजी विद्यार्थ्यांबरोबर जेवण) की सगळीकडे जाणं शक्य नाही, आणि नाही गेलं की काहीतरी हुकलं असं वाटत राहतं. तर कशाला जाऊ?

मी बरीच वर्षं इथे ऑनर्सच्या मुलांची अॅडव्हायझर म्हणून काम करते, त्यामुळे हा प्रश्न ऑफिसात दर सेमिस्टरला कुणी ना कुणी घेऊन येतंच. वयाने लहान आहेस म्हणून सरळ अगं-तुगं करते.

पहिलं म्हणजे तुझी अडचण वेळेची नाहीये. कॅलेंडरवर सगळ्या गोष्टी एकाच आकाराच्या चौकोनात दिसतात, एक तासाचं व्याख्यान पण तेवढंच आणि वर्षभराच्या फेलोशिपची माहिती पण तेवढीच, त्यामुळे त्या सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. खरी गोष्ट अशी आहे की शेवटच्या वर्षाच्या फॉलमध्ये, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तुझ्यापुढे एकदम सगळं येणार आहे. मोठ्या स्कॉलरशिपचे अर्ज, पुढच्या शिक्षणाचे अर्ज, थीसिसचं पहिलं प्रकरण. आणि त्या वेळी शिफारसपत्र लिहायला तुझं काम जवळून माहीत असलेले निदान तीन प्रोफेसर लागतील. ते तीन लोक त्या महिन्यात तयार होत नाहीत, ते आत्ता दुसऱ्या वर्षातच व्हायला सुरुवात होते. म्हणून मी प्रत्येक कार्यक्रमाला एकच प्रश्न लावायला सांगते, इथे गेल्यावर माझ्याकडे मागे काय उरेल? एखादा माणूस, एखादं लिहिलेलं पान, की एखादी तारीख? यातलं काहीच उरणार नसेल तर आवड म्हणून जरूर जा, पण नाही गेलीस तर काही बिघडत नाही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. ग्रॅज्युएशननंतर सरळ नोकरी करायची असेल तर खाली फेलोशिपबद्दल जे लिहिलंय ते अर्धं सोडून दे, थीसिस आणि इंटर्नशिपचं वाच. तुझा ऑनर्स हा कॉलेजचा कार्यक्रम आहे की फक्त डिपार्टमेंटचा, यावरही थीसिसचे नियम बदलतात. आणि व्हिसाबाबत मी जे सांगते ते सर्वसाधारण नियम आहेत, शेवटचा शब्द तुमच्या इंटरनॅशनल ऑफिसच्या डीएसओचा (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणारा अधिकारी), हे डोक्यात पक्कं ठेव.

फेलोशिप वर्कशॉपला जाण्याआधी पासपोर्टची चाळणी लाव. हे कोणी स्पष्ट सांगत नाही कारण वर्कशॉपमधली बहुतेक मुलं अमेरिकन असतात, आणि भारतीय मुलं दोन-दोन तास बसून टिपणं काढतात अशा गोष्टींची ज्यांना ती पात्रच नाहीत. ट्रुमन, मार्शल, बोरेन, गिलमन, क्रिटिकल लँग्वेज स्कॉलरशिप, आणि कॅम्पसवर जाहीर होणारा फुलब्राइटचा स्टुडंट प्रोग्रॅम, हे सगळं अमेरिकन नागरिकांसाठी आहे (एखाद-दोन ठिकाणी अमेरिकन नॅशनल म्हणून अजून थोडे लोक बसतात, तुला त्याचा उपयोग नाही). नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर चालणारे उन्हाळी रिसर्च प्रोग्रॅम, ज्यांना सगळे आरईयू म्हणतात, तिथेही नागरिक किंवा ग्रीन कार्ड लागतं.

मग उरतं काय? बरंच उरतं. गेट्स केंब्रिज, ब्रिटनच्या केंब्रिज युनिव्हर्सिटीत शिकायची स्कॉलरशिप, २००० साली सुरू झालेली, ब्रिटनचे नागरिक सोडून जगातल्या कुणालाही खुली आहे. पण इथे एक मेख आहे, ऑक्टोबरची जी तारीख कॅम्पसवर सांगतात ती अमेरिकेत राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांच्या फेरीची. तू भारतीय पासपोर्टवर आहेस म्हणजे तू दुसऱ्या फेरीत, तिची तारीख कोर्सप्रमाणे डिसेंबर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला येते. श्वार्झमन (बीजिंगच्या छिंग्ह्वा युनिव्हर्सिटीत एक वर्षाचं मास्टर्स) कुठल्याही देशाच्या मुलांना खुली, तारीख सप्टेंबरमध्ये. नाइट-हेनेसी, स्टॅनफर्डला मास्टर्स किंवा पीएचडी करायची असेल तर, तीही खुली, तारीख ऑक्टोबरमध्ये, फक्त लक्षात ठेव की तिथे स्कॉलरशिपचा अर्ज वेगळा आणि डिपार्टमेंटचा अर्ज वेगळा, दोन्ही करावे लागतात. रोड्ससाठी (ऑक्सफर्डला शिकायची स्कॉलरशिप) भारताच्या वेगळ्या जागा आहेत, त्यांचे नियम आणि तारखा अमेरिकेच्या फेरीपेक्षा वेगळ्या, म्हणून कॅम्पसवरच्या रोड्स वर्कशॉपमध्ये निबंध कसा लिहायचा ते शिक, तारीख मात्र तिथून उचलू नकोस. आणि हे वाचणारं दुसरं कुणी छोट्या खाजगी लिबरल आर्ट्स कॉलेजात असेल तर आपलं कॉलेज वॉटसन फेलोशिपच्या यादीत आहे का बघावं, ग्रॅज्युएशननंतर एक वर्ष अमेरिकेबाहेर स्वतःच्या प्रोजेक्टवर फिरायला मिळतं आणि पासपोर्ट कुठला हे बघत नाहीत.

म्हणजे वर्कशॉपला जायचंच, पण तिसऱ्या वर्षाच्या स्प्रिंगमध्ये (जानेवारी ते मे). दुसऱ्या वर्षात एकदा ऑफिसात जाऊन "भारतीय पासपोर्टवर काय काय खुलं आहे आणि कॅम्पसची आतली तारीख काय" एवढं विचारून ये. आतली तारीख यासाठी, की कित्येक स्कॉलरशिपना युनिव्हर्सिटीची शिफारस लागते आणि त्यासाठी युनिव्हर्सिटी स्वतःची तारीख बरीच आधी लावते, कुठे ऑगस्ट तर कुठे अगदी स्प्रिंगमध्येच. वेबसाईटवर ऑक्टोबर बघून निवांत बसलेली मुलं सप्टेंबरमध्ये आमच्याकडे येतात तेव्हा आम्हाला काहीच करता येत नाही, आणि खूप वाईट वाटतं कारण त्यातली काही खरंच चांगली असतात.

आता व्याख्यानं. यावर मी जरा जास्त लिहिते कारण इथेच मुलं सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि सगळ्यात कमी मिळवतात.

मोठा पाहुणा येतो, हॉल भरतो, तू मागे बसून ऐकतेस, टाळ्या, घरी. छान वाटतं, पण हातात काही राहत नाही. त्याच पाहुण्याबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहा विद्यार्थ्यांची कॉफी किंवा छोटं सेमिनार असतं, त्याला नाव नोंदवावं लागतं म्हणून निम्म्या जागा रिकाम्या असतात. निवड करायची वेळ आली तर व्याख्यान सोड आणि त्या कॉफीला जा. जाण्याआधी पाहुण्याचा एक लेख पूर्ण वाच, एकच, पण पूर्ण, फूटनोटसकट. इतिहासवाली आहेस तर फूटनोटमध्येच खरी मजा असते, कुठल्या अर्काइव्हमधून कागद काढलेत ते बघ आणि त्याबद्दल विचार. "तुमचं काम मला खूप आवडलं" असं दहा जण म्हणतात. "या प्रकरणात तुम्ही कोर्टाची कागदपत्रं वापरली आहेत पण त्यात बायकांचा आवाज फक्त वकिलांमार्फत येतो, तेव्हा तुम्ही ते कसं वाचता?" असं विचारलंस तर खोलीतले सगळे मान वर करून बघतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या खोलीत तुझ्यासाठी महत्त्वाचा माणूस पाहुणा नाहीच. महत्त्वाची आहे ती पाहुण्याला बोलावणारी तुमच्याच युनिव्हर्सिटीतली प्रोफेसर. पाहुणा दुपारच्या विमानाने जाणार, ही मात्र पुढची दोन-अडीच वर्षं तुझ्या इमारतीत बसणार आहे, आणि तिने तुझा प्रश्न ऐकलाय. त्याच दिवशी संध्याकाळी तिला छोटी ईमेल टाक, तीन-चार वाक्यांची. मी अमुक वर्षाला आहे, आज सकाळी अमुक विचारलं होतं, त्यावरून हा एक मुद्दा डोक्यात राहिलाय, तुमच्या ऑफिस अवर्समध्ये येऊन पंधरा मिनिटं बोलू का. बास. रिझ्युमे जोडू नकोस, काही मागू नकोस. मी पाहिलेल्या किती तरी चांगल्या थीसिसची सुरुवात अशा ईमेलपासून झालेली आहे, आणि बोलावणारे प्रोफेसर खरंच खूश होतात कारण एवढी खटपट करून पाहुणा आणला आणि कुणीतरी मनापासून ऐकलं हे त्यांना क्वचितच कळतं.

रेको लेटरचा, म्हणजे शिफारसपत्राचा, संबंध इथेच येतो. सिलेक्शन कमिटीत बसल्यावर कळतं की "हिला माझ्या क्लासमध्ये ए मिळाला, वर्गात नियमित बोलायची" असं पत्र म्हणजे जवळजवळ कोरं पान. उपयोगी पत्रात प्रसंग असतो, हिने पहिल्या ड्राफ्टमध्ये अमुक मांडलं, मी आक्षेप घेतला, दोन आठवड्यांनी ती नवीन पुरावा घेऊन आली आणि स्वतःचा मुद्दा बदलला. असं लिहिता यायला प्रोफेसरने तुझा बदललेला ड्राफ्ट बघायला हवा ना! म्हणून एकाच प्रोफेसरकडे दोन कोर्स घेणं, किंवा एका कोर्सचा पेपर सेमिस्टर संपल्यावर पुन्हा सुधारून त्यांना दाखवणं, हे दहा कार्यक्रमांपेक्षा मोलाचं आहे. गेट्स केंब्रिजला दोन अॅकॅडमिक रेफरन्स आणि वर एक वेगळा लागतो, इतर ठिकाणी दोन-तीन, रोड्सला त्याहून जास्त, म्हणून मी सुरुवातीला तीन हा आकडा सांगितला.

थीसिसच्या माहिती सेशनला मात्र याच वर्षी जा, सगळे तिसऱ्या वर्षात जातात तरी. कारण आयआरबी. हे नाव ऐकलं नसशील तर सांगते, माणसांवर किंवा माणसांबरोबर रिसर्च करायचा असेल, मुलाखती, सर्व्हे वगैरे, तर युनिव्हर्सिटीच्या इन्स्टिट्यूशनल रिव्ह्यू बोर्डाची परवानगी आधी लागते. १९७४ साली अमेरिकेत कायदा झाला त्यातून ही पद्धत आली, आणि १९७९ च्या बेलमाँट रिपोर्टमधली तत्त्वं अजून त्याचा पाया आहेत. मुद्दा असा की परवानगी मागाहून मिळत नाही. एक मुलगी होती, उन्हाळ्यात घरी गेली, गिरणीत काम केलेल्या बायकांच्या सुंदर मुलाखती घेऊन आली, तासन्‌तास रेकॉर्डिंग, आणि ऑगस्टमध्ये कळलं की परवानगी नसल्यामुळे त्यातलं काही थीसिसमध्ये डेटा म्हणून वापरता येणार नाही. रडली बिचारी, आणि साहजिक आहे. परवानगी आधी घेतली असती तर हाच थीसिस त्या वर्षीच्या उत्तम थीसिसमध्ये गेला असता याची मला खात्री आहे.

तुला उन्हाळ्यात घरी जाऊन असं काही करायचं असेल तर उलटं मोजत ये. मे मध्ये निघणार, परवानगीला काही आठवडे, त्यात एक-दोनदा दुरुस्त्या सांगून परत पाठवतातच, त्याआधी तुझं ऑनलाईन ट्रेनिंग (बहुतेक ठिकाणी सीआयटीआय नावाचं असतं), आणि अर्जावर फॅकल्टी सुपरवायझर लागतो. म्हणजे फेब्रुवारीत फॉर्म भरायला घ्यायचा आणि सुपरवायझर त्याच्याही आधी ठरलेला हवा. मुलाखती मराठीत घेणार असशील तर संमतीपत्रही मराठीत द्यावं लागतं, इंग्रजी आणि मराठी दोन्ही प्रती बोर्डाला दाखवायच्या. ते मराठी ऑफिसातल्या भाषेत करू नकोस, समोरच्या आजींना वाचून दाखवलं तर एका फटक्यात कळलं पाहिजे, "रेकॉर्डिंग कधीही बंद करा म्हणू शकता, काही उत्तर द्यायचं नसेल तर नका देऊ" असं साधं.

इतिहासवाल्यांसाठी यात एक सवलत आहे. नियम सुधारले ते जानेवारी २०१९ पासून लागू झाले, त्यात ओरल हिस्टरी, म्हणजे ठराविक व्यक्तींच्याच आयुष्याबद्दल त्यांच्याच तोंडून ऐकून नोंदवणं, याला रिसर्चच्या व्याख्येतून बाहेर ठेवलंय. पण तुझा प्रोजेक्ट त्यात बसतो की नाही हे तू किंवा तुझ्या प्रोफेसरने ठरवायचं नाही, आयआरबी ऑफिसकडून तसं लेखी घ्यायचं आणि ती ईमेल जपून ठेवायची.

कॉन्फरन्सचं सांगते. अंडरग्रॅज्युएट मुलांसाठी सगळ्यात मोठी एनसीयूआर (नॅशनल कॉन्फरन्स ऑन अंडरग्रॅज्युएट रिसर्च), १९८७ साली नॉर्थ कॅरोलायनात अॅशव्हिलच्या युनिव्हर्सिटीत सुरू झाली, दर वर्षी स्प्रिंगमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी भरते, सगळे विषय चालतात. ऑनर्सवाल्यांची नॅशनल काउन्सिल आहे, १९६६ पासूनची, तिची वार्षिक कॉन्फरन्स फॉलमध्ये असते आणि तिथे विद्यार्थीही पोस्टर घेऊन जातात. स्प्रिंगच्या कॉन्फरन्सचं अॅबस्ट्रॅक्ट (पेपरचा गोषवारा) आधीच्या फॉलमध्ये किंवा हिवाळ्याच्या सुरुवातीलाच द्यावं लागतं, तेव्हा "एप्रिलमध्ये बघू" असं म्हणून चालत नाही. आधी स्वतःच्या कॅम्पसच्या रिसर्च वीकमध्ये बोल, तिथे चुकलं तरी सगळी आपलीच माणसं. प्रवासाचे पैसे डिपार्टमेंट आणि ऑनर्स ऑफिस दोन्हीकडे मागायचे, आणि अॅबस्ट्रॅक्ट पाठवायच्या आधी मागायचे. माझं स्पष्ट मत, दुसऱ्या वर्षात कॉन्फरन्सला गेलं नाही तर काहीही अडत नाही, तिसऱ्या वर्षात एक मात्र कर, कारण अनोळखी लोकांना आपला मुद्दा पंधरा मिनिटांत सांगता आला की थीसिसचा सांगाडा आपोआप उभा राहतो.

इंटर्नशिप आणि करिअर फेअर. तुझं एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालंय म्हणजे सीपीटीवर (एफ-१ वाल्यांना शिकत असताना मिळणारी कामाची परवानगी) कॅम्पसबाहेर इंटर्नशिप करता येईल, ती अभ्यासक्रमाचा भाग असावी लागते, त्यामुळे बहुतेक वेळा सोबत इंटर्नशिपचा कोर्स घ्यावा लागतो. आय-२० वर (एफ-१ साठी युनिव्हर्सिटी देते तो कागद) मंजुरी छापून आल्याशिवाय एक दिवसही काम सुरू करायचं नाही, बिनपगारी असलं तरी आधी विचार. कॅम्पसवरचं काम, लायब्ररीचं स्पेशल कलेक्शन्स, प्रोफेसरची रिसर्च असिस्टंट, हे सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत चालतं आणि इतिहासवालीला खरं तर याहून चांगली इंटर्नशिप शोधून सापडणार नाही. ग्रॅज्युएशननंतरचं ओपीटी (आपल्या विषयात काम करायची परवानगी) इतिहास मेजरला १२ महिनेच मिळतं, २४ महिन्यांची वाढ स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषयांना असते, तर दुसरं मेजर घ्यायचा विचार असेल तर तो दुसऱ्या वर्षातच कर. फुल टाइम सीपीटी १२ महिने वापरलं तर ओपीटी जातं, हेही ध्यानात ठेव.

उन्हाळी रिसर्च ग्रँट मिळाली तर पूर्ण रक्कम हातात येईल असं धरू नकोस, एफ-१ वर असताना ट्यूशन आणि फी सोडून जो स्टायपेंड मिळतो त्यातून साधारण १४ टक्के कर आधीच कापतात. बजेट त्याप्रमाणे कर.

स्टडी अब्रॉड फेअरला जा, पण ब्रोशर गोळा करत फिरू नकोस, थेट काउंटरवर विचार की भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसाला मदत करता का आणि ऑनर्सची स्कॉलरशिप आम्हाला लागू आहे का. अमेरिकन मुलं छोट्या कोर्सला युरोपात तशीच जातात, तुला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) लागेल, त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण अपॉइंटमेंटच मिळत नाहीत म्हणून पहिल्या दिवशीच मागे लाग. आय-२० वर प्रवासाची सही ताजी हवी आणि पासपोर्टवरचा एफ-१ स्टॅम्प परत येण्याच्या तारखेला चालू हवा, तो संपत आला असेल तर आधी इंटरनॅशनल ऑफिसशी बोल.

एक छोटी गोष्ट जी कॅलेंडरवर कधीच दिसत नाही. फाय बीटा कापा, १७७६ सालची ऑनर सोसायटी, हिला अर्ज करता येत नाही, तेच निवडून बोलावतात. ते नुसता जीपीए (मार्कांची सरासरी) बघत नाहीत, दुसऱ्या भाषेचं इंटरमिजिएट पातळीचं ज्ञान आणि कॉलेज पातळीचा गणित, लॉजिक किंवा स्टॅटिस्टिक्सचा कोर्स हेही बघतात. उत्तम मार्क असलेली इतिहास-साहित्याची मुलं केवळ गणिताचा एक कोर्स टाळला म्हणून राहिलेली मी पाहिली आहेत. तुमच्या चॅप्टरचे (युनिव्हर्सिटीतल्या शाखेचे) नियम वाच आणि पुढच्या सेमिस्टरचे कोर्स निवडताना तेवढं बसवून टाक.

तर या सेमिस्टरला मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं? एका पाहुण्याचं छोटं सेमिनार आणि त्यानंतरची ईमेल, थीसिसचं सेशन एकदा, फेलोशिप ऑफिसात एकदा अर्धा तास, स्टडी अब्रॉडचा विचार असेल तरच ते फेअर. माजी विद्यार्थ्यांचं जेवण पुढच्या वर्षी, तेव्हा तुझ्याकडे विचारायला नेमके प्रश्न असतील. बाकीचे आठवडे मोकळे ठेव आणि एका पेपरवर जीव ओतून काम कर, तो दोनदा पुन्हा लिही, आणि प्रोफेसरला दाखव.

थीसिससाठी काही विषय डोक्यात असेल तर इथेच खाली लिही, मुलाखती घ्यायच्या आहेत की अर्काइव्हमध्ये बसायचं आहे तेही सांग, म्हणजे आयआरबी लागेल का आणि उन्हाळ्याआधी काय काय उरकावं लागेल ते महिन्यांप्रमाणे लिहून देते.